एका पैठणीचे शंभर हिस्से

पैठणच्या हातमागावर अस्सल जरीत विणलेली, भरगच्च पदराची पैठणी आज पगारदार घरातील एकटीच्या आवाक्यात राहिलेली नाही. आणि हौसेने घेतलीच, तरी वर्षातल्या मोजक्या लग्नकार्यांखेरीज ती कपाटातच राहते. म्हणून आमच्या भिशीतील आठ जणींनी मिळून एक पैठणी विणून घेतली, तिच्या मालकीचे शंभर समान हिस्से केले आणि ते हिस्से ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणाऱ्या आणि मागाहून खोडता न येणाऱ्या सामाईक नोंदवहीत, नोंदवले. मी छत्रपती संभाजीनगरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. भिशीचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे या कामाची कागदपत्रेही माझ्याकडेच आली. ती हाताळताना जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते त्यात नफ्याची स्वप्ने पुष्कळ असतात आणि प्रत्यक्ष वस्तू कोणाच्या कपाटात राहणार, याचा उल्लेखही नसतो.

महागड्या फॅशन-वस्तूंच्या मालकीचे असे हिस्से करण्याची पद्धत परदेशात आधी रुजली. हर्मेस कंपनीची बर्किन पर्स पैसे मोजायची तयारी असली तरी दुकानात सहज मिळत नाही, आणि तिच्या जुन्या नमुन्यांना लिलावात मोठी किंमत येते. अभिनेत्री आणि गायिका जेन बर्किन यांच्यासाठी बनवलेली मूळ पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथील लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना विकली गेली. अशा वस्तूत सामान्य माणसालाही वाटा घेता यावा म्हणून अमेरिकेतील रॅली या मंचाने बर्किन पर्सचे हिस्से विकले, परंतु ते तेथील रोखेविषयक कायद्याखालचे शेअर होते. एलव्हीएमएच, प्राडा आणि कार्तिए या महागड्या वस्तूंच्या कंपन्यांनी २०२१ मध्ये ऑरा हा ब्लॉकचेन संघ स्थापन केला, त्याचा उद्देश मात्र वस्तूच्या अस्सलपणाची आणि तिच्या प्रवासाची नोंद ठेवणे हा आहे. आम्हाला या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूबाबत हव्या होत्या. कापड अस्सल आहे याची नोंद हवी होती आणि ते कोणाचे किती आहे याचीही.

यासाठी साधी नोंदवही का पुरली नसती, हा प्रश्न भिशीतल्या वडीलधाऱ्या वहिनींनी पहिल्याच बैठकीत विचारला, आणि तो रास्त होता. आमची भिशी कित्येक वर्षे एका वहीवर चालत आली आहे. आठ जणींचा एकमेकींवर विश्वास आहे, आणि केवळ आमच्यापुरता विचार केला असता तर वही पुरेशी होती. या प्रश्नाचे उत्तर पैठणच्या विणकर काकांकडे गेल्यावर मिळाले. पैठणीची एकूण किंमत २,४०,००० रुपये ठरली, आणि तिच्यातला काही वाटा काकांनी मजुरीच्या रकमेऐवजी मालकीच्या रूपाने स्वतःकडे ठेवावा, म्हणजे पुढे भाव वाढला तर त्याचा लाभ त्यांनाही मिळेल, असे आम्ही सुचवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, तुमची वही तुमच्या घरी. उद्या तुम्ही ही पैठणी कुणाला दिली तर मला पैठणात बसून कसं कळायचं?” आमच्या वहीवर विश्वास ठेवण्याचे काकांना काहीच कारण नव्हते. विश्वासाच्या वर्तुळाबाहेरच्या माणसालाही कोणाची परवानगी न मागता पाहता येईल आणि आम्हा आठ जणींपैकी कोणालाही गुपचूप खोडता येणार नाही, अशी नोंद हवी होती. ब्लॉकचेनची गरज मला त्या दिवशी पटली आणि आजही मला तिचे तेवढेच, पण खरे कारण दिसते. विणकाराला वस्तूच्या पुढच्या आयुष्यात वाटा देण्याचा हा मार्ग आहे, आणि तो पैठणीसारख्या कापडासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण मागावर महिनोन्महिने बसणाऱ्याचा संबंध आजवर पहिल्या विक्रीपाशीच संपत आला आहे.

हिशेब सोपा ठेवला. शंभर हिस्से, प्रत्येकी २,४०० रुपये. आठ जणींचे प्रत्येकी बारा याप्रमाणे ९६ आणि काकांचे चार. आमचा भिशीचा मासिक हप्ता २,४०० रुपयेच ठेवल्यामुळे वर्षभरात प्रत्येकीचे बारा हिस्से पुरे झाले आणि दरमहा जमणारे १९,२०० रुपये काकांना रेशीम, जर आणि मजुरीसाठी आगाऊ मिळत गेले. कापड मागावर असतानाच टोकन, म्हणजे हिश्शांच्या ब्लॉकचेनवरील नोंदी, काढावेत, असा काही जणींचा आग्रह होता. मी त्याला विरोध केला. माल विक्री अधिनियम, १९३० नुसार वस्तू निश्चित होईपर्यंत तिची मालकी खरेदीदाराकडे जातच नाही. मग जी वस्तू अजून अस्तित्वात नाही तिच्या मालकीचे टोकन काढण्याला काय अर्थ होता? त्यामुळे पैठणी मागावरून उतरेपर्यंत साध्या पावत्या दिल्या आणि टोकन नंतरच काढले.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो कापड आणि नोंद यांच्या सांध्याचा. ब्लॉकचेनवर लिहिलेले कोणी बदलू शकत नाही हे खरे. पण त्या नोंदीत ज्या पैठणीचे वर्णन आहे तीच ही पैठणी, हे ब्लॉकचेन सांगू शकत नाही. उद्या कोणी तशाच रंगाची, नकली जरीची साडी घडी घालून ठेवली, तर शंभर टोकन जसेच्या तसे राहतील आणि त्यामागे काहीच नसेल. परदेशी कंपन्या पर्समध्ये किंवा बुटात फोनवर वाचता येणारी चिप बसवतात, म्हणून आम्हीही काठाच्या आत चिप शिवावी असे सुचवले. काकांनी ते साफ नाकारले. रेशमात एकदा सुईचे भोक पडले की ते तिथून ओढत जाते, आणि पैठणीची उलटी बाजूही सुलटीइतकीच स्वच्छ असते, ती बिघडवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्यांनीच उपाय सुचवला. पदरावरच्या मुनियांच्या, म्हणजे छोट्या पोपटांच्या नक्षीच्या, रांगेत आम्ही ठरवू त्या जागेच्या एका मुनियेचा डोळा त्यांनी वेगळ्या रंगाच्या रेशमाने विणला. पैठणीच्या नक्षीत प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी असते आणि धागे एकमेकांत हाताने अडकवत जावे लागते. त्यामुळे अशी खूण नंतर भरता येत नाही, ती विणतानाच पडते.

या खुणेसोबत पदराच्या काही ठरावीक चौकटींची अगदी जवळून छायाचित्रे काढली. हाताने विणलेल्या कापडात धाग्याची सूक्ष्म ओढ, एखाद्या पाकळीचा कमीअधिक उतार, नारळी काठाच्या टोकांतील किंचित फरक असतोच, आणि तो दुसऱ्या कोणत्याही पैठणीत हुबेहूब उतरत नाही. जरीच्या उरलेल्या धाग्याची तपासणी सराफ्यातील कॅरेट पाहण्याच्या यंत्रावर केली. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली अस्सल जर आणि तांब्यावर मुलामा दिलेली टेस्टेड जर यांत भावाचा फरक फार मोठा आहे, आणि डोळ्यांना तो लगेच दिसत नाही. शुद्ध रेशमाची खूण असलेल्या सिल्क मार्कच्या पट्टीवरचा क्रमांक, तपासणीची पावती, लांबी, रुंदी, वजन आणि छायाचित्रे अशी एक फाइल बनवली. तिच्यापासून एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षर-अंकांचा जो ठसा निघतो, तेवढाच ब्लॉकचेनवर ठेवला. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. त्यामुळे मूळ फाइल आठही जणींकडे आणि काकांकडे असली तरी त्यात कोणी फेरफार केला तर तो लपत नाही.

टोकनचे काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केले. तो पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. त्याने नव्याने फारसे काही लिहिले नाही, आणि ते योग्यच केले. ओपनझेपेलिन या कंपनीचे सर्वांना उपलब्ध असलेले, अनेकांनी तपासलेले कोड घेतले. पैठणीची स्वतःची ओळख म्हणून ईआरसी-७२१ प्रकारचे, म्हणजे एकमेव वस्तू दाखवणारे, एकच टोकन आणि हिश्शांसाठी ईआरसी-२० प्रकारची, म्हणजे परस्परांसारखी, शंभर एकके, अशी रचना केली. ईआरसी-२० मध्ये एका एककाचे सहसा अठरा दशांश स्थळांपर्यंत तुकडे होऊ शकतात. आम्ही दशांश शून्य ठेवले, म्हणजे अर्धा हिस्सा विकण्याचा प्रश्नच उरला नाही. करारात ज्यांचे वॉलेट-पत्ते, म्हणजे ब्लॉकचेनवरील खात्यांचे क्रमांक, लिहिले आहेत त्यांच्याखेरीज कोणाकडेही हिस्सा जाऊ नये, अशी अट कोडमध्येच घातली. त्यामुळे हे हिस्से कोणत्याही बाजारात खुलेपणाने विकता येत नाहीत, आणि आम्हाला ते तसेच हवे होते. इथेरियम या ब्लॉकचेनच्या मुख्य जाळ्यावर शुल्क जास्त पडले असते म्हणून पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे जाळे निवडले. तिथे एका व्यवहाराचा खर्च अगदी किरकोळ येतो. आधी चाचणीच्या जाळ्यावर सगळे चालवून पाहिले, तिथल्या नाण्यांना किंमत नसल्याने सगळ्या जणी न घाबरता हिस्से एकमेकींना पाठवू शकल्या, आणि या सरावाने जे समजले ते माझ्या समजावण्याने समजले नव्हते.

वॉलेट उघडताना बारा इंग्रजी शब्दांची एक माळ मिळते. फोन आणि ती माळ दोन्ही हरवले तर त्या वॉलेटमधले हिस्से आपल्याला हलवता येत नाहीत आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर वॉलेटचा ताबा त्याच्याकडे जातो. हे आठही जणींना आणि काकांना समजावणे हा माझ्या कामातला सर्वांत जबाबदारीचा भाग होता. शब्द फोनमध्ये ठेवायचे नाहीत, त्यांचे छायाचित्र काढायचे नाही, कागदावर लिहून घरच्या दागिन्यांसोबत ठेवायचे आणि घरातल्या एका माणसाला तो कागद कशाचा आहे हे सांगून ठेवायचे, एवढे नियम केले. काकांच्या मुलीने हे सगळे आमच्याआधी आत्मसात केले आणि काकांच्या वतीने फोन तीच सांभाळते.

कराराचा मसुदा करताना एका वकील ताईंनी जे दाखवून दिले त्याने माझी दृष्टीच बदलली. माल विक्री अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे, सामाईक मालकांपैकी एकाच्या एकट्याच्या ताब्यात इतरांच्या संमतीने वस्तू असेल आणि त्याने ती अजाण, प्रामाणिक ग्राहकाला विकली, तर मालकी त्या ग्राहकाकडे जाते. म्हणजे ब्लॉकचेनवर माझे बारा हिस्से अबाधित दिसत असतानाही प्रत्यक्षात पैठणी हातची गेलेली असू शकते. दुसरे असे की, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली मान्य असलेली डिजिटल स्वाक्षरी ही परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधारलेली असते. वॉलेटमधून केलेली सही आपोआप त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा केला, त्यात प्रत्येकीच्या नावासमोर तिचा वॉलेट-पत्ता छापला आणि त्याच्यासमोर तिने हाताने सही केली. टोकनची नोंद ही हिश्शाचा पुरावा मानली जाईल आणि टोकन हस्तांतरित झाले की हिस्साही हस्तांतरित होईल, असे कलम त्यात आहे. टोकनला कायद्याचे बळ येते ते या कागदामुळे. ब्लॉकचेन आले की कागद आणि वकील लागत नाहीत असे सांगणाऱ्यांनी सामाईक मालकीची वस्तू कधी सांभाळली असेल, असे मला वाटत नाही.

काकांसाठीचे कलम वेगळे आहे. संपूर्ण पैठणी पुढे विकली गेली तर चार हिश्शांच्या रकमेशिवाय विक्रीच्या पाच टक्के त्यांना मिळतील. अशा मानधनासाठी ईआरसी-२९८१ हे प्रमाण आहे, पण ते फक्त मानधन किती व कोणाला द्यायचे ते सांगते, ते वसूल करण्याची सक्ती त्यात नाही. म्हणून हे कलमही कागदावर आणि आमच्या कोडमध्ये अशा दोन्ही ठिकाणी घातले.

कराचा भाग गुंतागुंतीचा आहे. स्वतः वापरायचे कपडे हे प्राप्तिकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराच्या वस्तूंत मोडतात आणि ते विकून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. तीच पैठणी टोकनच्या रूपाने विकली, तर मात्र २०२२ च्या अर्थसंकल्पाने आणलेला आभासी डिजिटल मालमत्तेवरचा ३० टक्के कर लागू शकतो, आणि त्यात झालेला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. जून २०२२ च्या एका अधिसूचनेने, ज्या एनएफटीच्या (एकमेव वस्तू दाखवणाऱ्या टोकनच्या) हस्तांतरणाने मूर्त वस्तूची मालकी कायद्याने अंमलात आणता येईल अशा रीतीने हस्तांतरित होते, ते या व्याख्येतून वगळले आहेत. पैठणीची ओळख म्हणून काढलेले आमचे एकमेव टोकन त्या सवलतीत बसावे, असे आमच्या सीएंचे मत पडले. परंतु हिश्शांची शंभर एकके परस्परांसारखीच असल्याने त्यांना एनएफटी म्हणता येत नाही, म्हणून हिश्शांच्या व्यवहारात कर लागेल असेच धरून चालावे, असा सावध सल्ला त्यांनी दिला. तो आम्ही मानला.

नफ्याचा विषय दुसऱ्या बाजूनेही आला. पैठणी बाहेरच्या लोकांना लग्नासाठी भाड्याने द्यावी आणि भाडे हिश्शांप्रमाणे वाटावे, असा प्रस्ताव एका बैठकीत मांडला गेला. मी त्याला ठाम नकार दिला. अनेकांचे पैसे एकत्र करायचे, नफ्याची अपेक्षा ठेवायची आणि व्यवस्थापन एकाच्या हाती द्यायचे, ही शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या कायद्यातील सामूहिक गुंतवणूक योजनेची लक्षणे आहेत, आणि त्या वाटेला जाण्याची आम्हाला गरज नव्हती. आम्ही पैठणी नेसण्यासाठी घेतली आहे आणि निर्णय सगळ्या मिळून घेतो. हे दोन्ही करारात स्पष्ट लिहिले.

ताबा कोणाकडे, यावर बराच ऊहापोह झाला. शेवटी दोन जणींच्या संयुक्त नावाने बँकेचे लॉकर घेतले आणि दोघींच्या सहीशिवाय ते उघडणार नाही अशी व्यवस्था केली. कलम २८ मधील एकट्याच्या ताब्याचा धोका त्यामुळे बराच कमी झाला. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक झाली तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते, म्हणून लॉकर निवडताना तो आकडा पैठणीच्या किमतीशी ताडून पाहिला. मात्र रेशीम आणि जर यांना बंद पेटीत फार काळ ठेवणे हितावह नाही. एकाच घडीवर कापड तुटते आणि चांदीची जर काळवंडते. त्यामुळे मऊ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळणे, डांबराच्या गोळ्या जवळ न ठेवणे आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून नव्याने घालणे, हे काकांनी लिहून दिलेले नियम कराराला जोडले आहेत. घडी मोडताना मुनियेचा डोळा पाहून, छायाचित्रांशी पदर ताडून तशी नोंद करायची असते.

वापराचे वाटप कोडमध्ये घालण्याचा विचार मी सोडून दिला. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी, एकाच मुहूर्तावर जालन्यात आणि बीडमध्ये असलेली दोन लग्ने, सख्ख्या मुलीचे लग्न आणि नणंदेच्या मुलाचे लग्न यांतला अग्रक्रम हे संगणकाने ठरवायचे विषय नाहीत. घरचे कार्य आधी, आणि तेही जुळून आले तर मागच्या वेळी जिने नेसली नाही ती आधी, एवढा एकच नियम केला आणि तो सगळ्यांनी पाळला.

खरी कसोटी पुढे लागली. आमच्यातल्या एकीची पुण्याला बदली झाली आणि तिने आपले बारा हिस्से विकायचे ठरवले. करारानुसार आधी उरलेल्या सात जणींना आणि काकांना विचारले. त्यांच्यापैकी कोणाला ते नको होते, म्हणून जालन्याच्या एका शिक्षिकेने घेतले. पैठणी नेसली गेलेली असल्याने दोन दुकानदारांनी काढलेल्या किमतीच्या आधारे एका हिश्शाचा भाव २,२५० रुपये धरला, एकूण २७,००० रुपये. आमच्यासारख्या पगारदारांसाठी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर एक टक्का कर कापून भरावा लागत नाही, त्यामुळे ते काम वाचले. नव्या ताईंनी करारावर सही केली, त्यांचा पत्ता कोडमध्ये समाविष्ट झाला, बँकेतून पैसे गेले आणि मग हिस्से गेले. त्या संध्याकाळी काकांच्या मुलीचा मला फोन आला. नोंद बदललेली तिने आपल्या फोनवर पाहिली होती आणि नव्या मालकीणबाईंना पैठणीची निगा कशी राखायची ते काकांना सांगायचे होते. हिस्से प्रत्यक्ष गेल्याचे आम्ही कोणीही त्यांना कळवले नव्हते, कळवण्याची गरजच पडली नाही, आणि काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर मिळाल्याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसरा प्रसंग आमच्यातल्याच बीडच्या ताईंचा. त्यांचा फोन पाण्यात पडला आणि शब्दांचा कागद घराच्या रंगकामात गहाळ झाला. कोडमध्ये आम्ही अशी तरतूद केली होती की, नऊ धारकांपैकी सहा जणांनी संमती दिली तर हरवलेल्या पत्त्यावरचे हिस्से रद्द होऊन त्याच व्यक्तीच्या नव्या पत्त्यावर येतील. सहा जणांनी मिळून एखादीचे हिस्से काढून घेण्याचा धोका या तरतुदीत आहे, अशी माझ्या विद्यार्थ्याची हरकत होती, आणि तांत्रिक दृष्टीने ती बरोबर आहे. परंतु मृत्यू, आजारपण, हरवलेला फोन हे घरोघरी घडणारच. त्यासाठी दार ठेवले नाही तर काही वर्षांत शंभरांतले कित्येक हिस्से कोणाच्याच उपयोगाचे राहणार नाहीत. म्हणून तरतूद ठेवली, मात्र तिचा वापर केवळ लेखी अर्जावर आणि कारण नोंदवूनच होईल असे करारात लिहिले. ताईंचे हिस्से त्यांना परत मिळाले. वारसांच्या बाबतीत हीच पद्धत वापरायची असून त्यासाठी प्रत्येकीने वारसाचे नाव करारात लिहून दिले आहे.

विम्याचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही. विमा कंपनीला टोकनशी काही कर्तव्य नसते, तिला वस्तू आणि एक मालक लागतो, आणि नऊ मालकांच्या कापडाचा विमा कोणाच्या नावाने उतरवायचा यावर बोलणी चालू आहेत. काकांनी दुसऱ्या पैठणीचा ताणा लावला आहे. तिच्या करारात त्यांचे हिस्से चारऐवजी दहा असतील, आणि विम्याचा प्रश्न सुटल्याशिवाय तिचे टोकन काढायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे.